मोकळ्या माळावर कायोटीला साद घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची माण-खटावकडची. लग्नानंतर मध्य वायोमिंगमध्ये आले. सासरी मेंढ्या आहेत. दर हिवाळ्यात मी सासऱ्यांबरोबर कायोटीला साद घालायला जाते. त्याबद्दल अमेरिकेतल्या आणि गावाकडच्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. नियम जिथे सांगितले आहेत तिथे ते वायोमिंगचे आहेत. तुमचं राज्य वेगळं असेल तर तिथल्या खात्याचं चालू वर्षाचं नियमपत्रक वाचूनच निघा.

१. कायोटी म्हणजे आपला कोल्हाच ना?

जवळचा नातलग म्हणा. कोल्हा, लांडगा, कुत्रा आणि कायोटी एकाच कुळातले. कायोटी आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि पायांनी लांब असतो. पश्चिमेकडचा मोठा नर साधारण १० ते १५ किलो भरतो, पण हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे दीडपट दिसतो. नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’ शब्दावरून आलं. शहरातली माणसं ‘कायोटी’ म्हणतात आणि आमच्याकडचे मेंढपाळ ‘कायोट’. त्याचं ओरडणं ऐकलं की मला दुसरा शब्द सुचत नाही, ती कोल्हेकुईच. दोन जनावरं ओरडली तरी आठ-दहा असल्यासारखं वाटतं, कारण प्रत्येक जण सूर भराभर बदलत राहतो.

२. ‘साद घालणं’ म्हणजे हाकाच का?

नाही, बरोबर उलट आहे. हाक्यात माणसं आरडाओरडा करून जनावर उठवतात आणि बंदुकीसमोर आणतात. इथे आपण एका जागी निश्चल बसतो आणि जखमी सशाचा किंवा दुसऱ्या कायोटीचा आवाज काढतो. जनावर स्वतःच्या पायांनी येतं. आलं नाही तर उठून, दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा बसायचं. दिवसभरात आठ बैठका झाल्या आणि एकही कायोटी दिसला नाही, असे दिवस आमच्याकडे भरपूर जातात.

३. पण मुळात मारायचंच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो यायलाच हवा. आमचं उत्तर कोकरांपाशी सुरू होतं. अमेरिकेत मेंढ्या खाणाऱ्या शिकारी प्राण्यांत कायोटीचा क्रमांक पहिला आहे. एप्रिल-मे मध्ये मेंढ्या वितात, त्याच सुमारास कायोटीच्या बिळात पिल्लं असतात आणि त्यांचं पोट भरायचं असतं. पहिल्या वर्षी बाबांनी मला एक मेलेलं कोकरू उलटं करून दाखवलं होतं. जबड्याखाली गळ्यावर सुळ्यांची दोन-दोन भोकं, बाकी अंगावर ओरखडाही नाही. ‘हे कायोटीचं काम. कुत्र्यांनी धरलं असतं तर मागचे पाय आणि कुशी फाटलेल्या असत्या.’ आधी हे ओळखायचं आणि मगच बंदूक काढायची, ही त्यांची पद्धत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सरसकट मारून कायोटी कमी होत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १९७५ मध्ये गणिती प्रारूप मांडलं होतं. त्यानुसार दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी ते नाहीसे व्हायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील. जागा रिकामी झाली की शेजारचे येतात, आणि उरलेल्यांची जास्त पिल्लं जगतात. लांडगे हटवले गेल्यावर कायोटी उलट पसरले. आज हवाई सोडून देशाच्या प्रत्येक राज्यात ते आहेत. म्हणून आम्ही मेंढ्यांच्या कुरणाभोवती, विण्याच्या हंगामाआधीच्या महिन्यांत साद घालतो. ‘संख्या कमी करायला’ म्हणून राज्यभर हिंडत नाही. मेंढ्यांबरोबर राखणीची पांढरी कुत्री ठेवणं आणि रात्री मेंढवाडा बंद करणं ही रोजची कामं आहेत, बंदूक त्यांच्या नंतर येते.

मोजून मारण्याच्या बक्षिसी स्पर्धांना आम्ही जात नाही. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये त्या बंद केल्या, पुढे आणखी काही राज्यांनी केल्या. मला ते योग्य वाटतं.

४. लायसन्स लागतं का?

वायोमिंगमध्ये कायोटी ‘प्रिडेटरी अ‍ॅनिमल’ (शिकारी प्राणी) या वर्गात मोडतो. त्याच्या शिकारीला लायसन्स लागत नाही आणि ठरावीक हंगामही नाही. शेजारच्या कोलोरॅडोत लायसन्स लागतं. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलला. शिवाय १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला वायोमिंगमध्ये स्वतःच्या कुटुंबाची जमीन सोडून इतरत्र बंदुकीने शिकार करायची तर हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. मी घरच्या जमिनीवर शिकले, तरी तो वर्ग केलाच. प्रत्येकाने करावा. सगळ्यात मोठी पळवाट आणि सगळ्यात मोठा धोका पुढच्या प्रश्नात आहे.

५. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मित्राचे सासरे म्हणाले, ‘चल, माझी रायफल वापर.’ जाऊ का?

थांबा. वायोमिंग लायसन्स मागत नाही, पण केंद्राचा कायदा तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेत मनाई आहे. दुसऱ्याची बंदूक थोडा वेळ हातात घेणंही बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. या मनाईला काही अपवाद आहेत. तुमच्या उपयोगाचा अपवाद असा: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स जवळ असणं. त्यामुळे गंमत अशी होते की ज्या शिकारीला राज्य लायसन्स मागत नाही, तिच्यासाठीही तुम्हाला कुठलं तरी शिकारीचं लायसन्स काढून खिशात ठेवावं लागतं. मासेमारीचं चालत नाही.

एच-फोर, एफ-वन, एल-वन यांनाही हेच लागू आहे. ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती या मनाईत येत नाही. यात चूक झाली तर दंडावर भागत नाही, तुरुंग आणि देशाबाहेर जाण्याची वेळ येऊ शकते. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, मगच बंदुकीला हात लावा. तोवर हात रिकामे ठेवून सोबत बसा आणि दुर्बिणीतून बघा. मी पहिला अख्खा हिवाळा तसाच काढला आणि सगळ्यात जास्त त्याच हिवाळ्यात शिकले.

६. सुट्टीत गावी गेल्यावर कोल्ह्यावर करून बघता येईल का?

नाही. भारतात कोल्ह्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. गावाकडे अजून ‘कोल्ह्याचं शिंग’ नावाची भोंदूगिरी चालते आणि त्यासाठी जनावरं मारली जातात. असं शिंग नसतंच. कुणी विकताना दिसलं तर वनखात्याला कळवा. योगायोग असा की त्याच १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी इथल्या सरकारी जमिनींवर कायोटींना विष घालण्यावर बंदी आणली. विषाने मेलेल्या गरुडांच्या आठवणी बाबा अजून सांगतात.

७. माळ तर सगळा मोकळाच दिसतो. जमीन कुणाची हे कसं कळायचं?

कुंपण नाही म्हणजे मालक नाही, असं इथे धरायचं नाही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, ती आधीच आणि शक्यतो तोंडावर जाऊन घ्यावी. मेंढ्या-गाई पाळणारे लोक कायोटीसाठी सहसा नाही म्हणत नाहीत. फाटक जसं होतं तसं ठेवायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

दक्षिण वायोमिंगमध्ये गोष्ट अवघड होते. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंना एक सोडून एक चौरस मैल जमीन दिली गेली. त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे, एक घर सरकारी, शेजारचं खासगी. सरकारी घराच्या कोपऱ्यावरून तिरकं पाऊल टाकून दुसऱ्या सरकारी घरात जाणं, हा कित्येक वर्षं वादाचा मुद्दा होता. २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (वायोमिंग ज्याच्या कक्षेत येतं त्या केंद्रीय) अपील न्यायालयाने, खासगी जमिनीला पाय न लावता असं ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी नवख्याने तिथे सुरुवात करू नये. फोनवर जमिनीच्या मालकीचा नकाशा घ्या, तो ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण माळावर रेंज नसते. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे गोळी झाडणं बेकायदा आहे, समोर सरकारी जमीन असली तरी.

८. कॉल कोणता घ्यावा? तोंडाचा की बॅटरीवरचा?

सुरुवात तोंडाच्या कॉलने करा. आत पट्टी बसवलेली साधी लाकडी किंवा प्लास्टिकची नळी असते, तिच्यात फुंकलं की सशाचं किंचाळणं येतं. सूर अचूक लागणं महत्त्वाचं नाही, त्यात धाप लागलेली ऐकू यायला हवी. बाबा वीस-तीस सेकंद वाजवतात, मग मिनिटभर गप्प. पहिल्यांदा हळू, कारण कायोटी शंभर पावलांवरच्या ओढ्यात झोपलेला असू शकतो.

बॅटरीवरच्या कॉलचा, म्हणजे आवाज वाजवणाऱ्या यंत्राचा, मोठा फायदा म्हणजे तो आपल्यापासून तीस-चाळीस पावलं लांब ठेवता येतो. जनावराची नजर त्याच्यावर राहते, आपल्यावर नाही. वायोमिंगमध्ये कायोटीसाठी तो चालतो. जानेवारी-फेब्रुवारी त्यांच्या जोड्या जमण्याचा काळ, तेव्हा सशापेक्षा कोल्हेकुई जास्त काम करते. एकच लांब हाक घालायची आणि थांबायचं. उत्तरादाखल तुटक, रागीट भुंकणं सुरू झालं तर समजा त्याने आपल्याला हेरलं. तिथे बसून उपयोग नाही.

९. वारा, वारा म्हणून सगळे सांगतात. नक्की करायचं काय?

एकच गोष्ट शिकणार असाल तर ही शिका. कायोटी कानाने येतो, डोळ्याने तपासतो, पण विश्वास नाकावर ठेवतो. शेवटच्या शे-दोनशे पावलांत तो सरळ न येता वळसा घेतो आणि आवाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूला जातो, म्हणजे जिकडे वारा वाहून नेतो तिकडे. तिथे त्याला आपला वास मिळाला की पुढचं दिसतं ते त्याचं शेपूट.

म्हणून बसताना वारा पाठीवर नको. तोंडावर असला तर बरा, आडवा असला तर उत्तम. आडवा असेल तर तो वळसा घालून कुठे येणार हे आधीच कळतं. ती बाजू मोकळी, उघडी आणि नजरेच्या टप्प्यात असेल अशी जागा निवडायची. बाबांच्या खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली असते. ती दाबली की पांढरा धूर कुठे जातो ते दिसतं. आपल्याकडे धान्य उफणताना मूठभर भुसा सोडून वारा बघतात, तसंच हे. सकाळी ऊन चढू लागलं की उतारावरचा वारा फिरतो, म्हणून प्रत्येक बैठकीला नव्याने बघायचा.

वाऱ्याइतकाच येण्याचा रस्ता महत्त्वाचा. गाडी टेकाडाआड ठेवायची. टेकाडाच्या माथ्यावरून चालायचं नाही, आभाळावर माणसाची आकृती उमटते. माझ्या दुसऱ्याच फेरीला मी गाडीचं दार नेहमीसारखं आपटलं. बाबांनी काही न बोलता किल्ली फिरवली आणि पुढच्या जागेकडे निघाले. ती ओहोळाची जागा त्या दिवसापुरती संपली होती. तेव्हापासून मी दार ओढून मांडीने दाबून लावते. इथला वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला की आम्ही घरी परततो. आवाज लांब जात नाही आणि गोळीही सरळ राहत नाही (प्रश्न ११).

१०. घरचे दोघं जण असलो तर कसं बसायचं? कोण वाजवणार, कोण मारणार?

हे घरी, चहा पिताना ठरवा. माळावर कुजबुजायची सोय नसते. आमचे नियम बरेच जण मागतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोघांत एका वेळी एकच बंदूक भरलेली. बाबा वाजवतात तेव्हा त्यांची रायफल रिकामी, बोल्ट उघडा. आम्ही चार-पाच हातांच्या अंतरावर बसतो, एकमेकांच्या पुढे-मागे कधीच नाही. समोर एक खूण ठरवतो, एखादा एकटा खडक किंवा खांब. माझी हद्द त्या खुणेपासून डावीकडे. जनावर हद्दीबाहेर गेलं तर बंदूक त्याच्यामागे वळवायची नाही, ते गेलं तर गेलं. जनावरामागे मातीचा उतार दिसलाच पाहिजे. माथ्यावर, आभाळासमोर उभ्या असलेल्या कायोटीवर गोळी नाही.

बाबांचा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे. तरुणपणी कानाला काही न लावता गोळ्या झाडल्या, त्याचा हा परिणाम. म्हणून मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसते. कायोटी दिसला की माझा गुडघा त्यांच्या काठीला एकदा लागतो. दोनदा लागला तर ‘थांबा, काहीतरी चुकतंय’. ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतं आणि त्याचं कारण तिथे विचारायचं नाही. सासरा-सून, बाप-लेक, नवरा-बायको, नातं कुठलंही असो, मोठ्याचा मान घरी ठेवावा. बंदुकीपाशी थांबवणाऱ्याचं ऐकायचं. दोघांच्याही कानांवर इअरमफ, हा नियम माझा आहे आणि बाबांनी तो मानला.

११. बंदूक कोणती?

.२२३ रेमिंग्टन पुरते. धक्का कमी, काडतूस सहज मिळतं. लांब आणि वाऱ्यातल्या माऱ्याला .२२-२५० किंवा .२४३ विंचेस्टर बरी. साधारण ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .२२३ ची गोळी ताशी ३० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात २०० यार्डांवर जवळपास एक वीत सरकते. कायोटीच्या छातीवरची माऱ्याची जागा वीतभरही नसते. म्हणून मी १५० यार्डांपलीकडे चाप ओढत नाही. तिपाईवर रायफल टेकवण्याचा सराव घरीच करा, गुडघा दुखेपर्यंत बसून.

१२. तो धावत येतो आणि थांबतच नाही. काय करू?

तोंडाने एकदाच ‘वुफ्’ करा, कुत्र्यासारखं. बहुतेक वेळा तो थबकून बघतो, दोन-तीन सेकंद. त्याआधी रायफल त्याच्यावर आलेली असली पाहिजे. धावत्या कायोटीवर आम्ही गोळी झाडत नाही.

१३. सशाचा आवाज ऐकून भलतंच कुणी आलं तर?

येतंच. सोनेरी गरुड वरून झेप घेतो, घुबड टोपीजवळून जातं, बिज्जू तुरुतुरु येतो. गरुड दिसला की आवाज लगेच बंद करा. त्याला संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. बॉबकॅट (इथलं रानमांजर) आला तर त्याला हंगाम आणि लायसन्स दोन्ही लागतात. कायोटीसाठी आलेल्या माणसाने त्याला जाऊ द्यावं.

खरी गल्लत दोन ठिकाणी होते. पहिली स्विफ्ट फॉक्स या छोट्या कोल्ह्याशी. हा मांजराएवढा, दोन-अडीच किलोचा, शेपटीचं टोक काळं, आणि वायोमिंगमध्ये संरक्षित. उघड्या माळावर जवळ-लांबचा अंदाज चुकतो आणि तो लांबचा कायोटी वाटतो. दुसरी कुत्र्यांशी. मागच्या जानेवारीत राखी रंगाचं जनावर सेजब्रशच्या झुडपांमधून सरळ आमच्याकडे येत होतं. मी रायफलची सेफ्टी (चाप अडवणारी कळ) काढली होती. तेवढ्यात बाबांची काठी माझ्या गुडघ्याला दोनदा लागली. जनावर वळलं आणि गळ्यातला पट्टा उन्हात चमकला. शेजारच्या मेंढपाळाचं तरुण कुत्रं होतं ते, चिखलाने माखलेलं. माझे हात बराच वेळ थरथरत होते. त्या दिवशी आम्ही पुढे कुठेही बसलो नाही, कुत्र्याला गाडीत घालून त्याच्या धन्याकडे सोडून आलो. कान, नाक आणि शेपूट तिन्ही नीट दिसल्याशिवाय बोट चापावर जाणार नाही, हे मी तेव्हापासून मनाशी बांधलं. रायफलवरच्या स्कोपमधून ओळख पटवायची नाही, आधी गळ्यातली दुर्बीण.

१४. उन्हाळ्यात का जात नाही? कायद्याने तर चालतं.

चालतं. पण एप्रिलपासून बिळात पिल्लं असतात. आई मेली तर पिल्लं उपाशी मरतात. एखादी जोडी प्रत्यक्ष कोकरं उचलत असेल तर बाबा तिच्यापुरता निर्णय घेतात आणि तो त्यांना सोपा जात नाही. बाकी उन्हाळा आम्ही माळ त्यांच्यावर सोडतो.

१५. मुलांना कधीपासून न्यावं?

वयापेक्षा अर्धा तास न हलता बसता येतं का ते बघा. माझी लेक नऊ वर्षांची आहे, ती दुर्बीण घेऊन येते, बंदूक नाही. एका मोठ्या माणसाचं काम फक्त मूल सांभाळणं असेल, तरच न्या. मेलेलं जनावर बघून मूल रडलं तर रडू द्या. ‘मोठा हो’ असलं काही म्हणू नका.

१६. जखमी होऊन पळाला तर?

शोधायचा. जिथे उभा होता तिथे आधी खूण म्हणून टोपी ठेवा, मग रक्त शोधत चला, दिवस मावळेपर्यंत. दुसरी बैठक रद्द. हद्द ओलांडून खासगी जमिनीत गेला असेल तर मालकाला फोन करून परवानगी घ्या (प्रश्न ७).

१७. मारल्यावर त्याचं काय करता?

मांस खात नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत फर दाट असते, तेव्हा कातडं काढून विकतो. जाकिटांच्या टोप्यांना लावायला पश्चिमेकडच्या फिकट कायोटीला चांगला भाव असे. जाकिटं बनवणाऱ्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ मध्ये फर घेणं थांबवण्याची घोषणा केली, आणि आता मिळणारा पैसा पेट्रोललाही पुरत नाही. हातमोजे घालूनच हात लावा. खरूज लागते, आणि पिसवांमधून प्लेग येऊ शकतो. अंगावरचे केस झडून जाड खपल्या धरलेल्या असतील तर कातडं काढूच नका.

कलेवर माळावर ठेवायचं असेल तर शिसं नसलेली तांब्याची गोळी वापरा. शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि ते खाऊन गरुड मरतात. आम्ही चार वर्षांपूर्वी बदललं. काडतूस महाग पडतं, पण बाबांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. कारण प्रश्न ६ च्या शेवटी आलंच आहे.

१८. वडील ऐंशीला टेकले आहेत. नजर अधू झाली, पण जायची हौस जात नाही. नेऊ का?

न्या. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत आणि तीन हिवाळे झाले, त्यांनी गोळी झाडलेली नाही. रायफल त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिली. बैठका मी गाडीपासून दोनशे पावलांच्या आत निवडते, पाठ टेकायला जागा बघते, खाली जाड घोंगडं अंथरते. ते घोंगडं माणदेशातून आणलेलं आहे, वाऱ्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. थर्मासमध्ये चहा. दिवसाला तीनच बैठका. वारा अजून तेच बघतात. पावडरची बाटली दाबतात, धूर कुठे गेला ते त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मला विचारतात, आणि मी सांगितलं की कॉल ओठांना लावतात.